शिंप्याचं शहाणं रक्त

१

फ्रीजरचं झाकण उघडलं तशी आतून पांढरी वाफ आली, ती विरली, आणि सगळ्यांना एकदमच दिसलं की शिंप्याची पेटी जागेवर नाही. एका बाजूला पोस्टमनची पेटी होती, दुसऱ्या बाजूला सुताराची. मधे नुसती रिकामी जागा आणि तिच्या कडेने धरलेला बर्फ.

बाहेरून आलेले दोघे तपासनीस एकमेकांकडे बघायला लागले. संचालकांचं तोंड पार उतरलं. मग सगळ्या माना एका दिशेला वळल्या. तिकडे आकड्यांच्या विभागातली मुलगी उभी होती. महिन्याभरापूर्वी जिच्या शोधाबद्दल याच संस्थेत टाळ्या वाजल्या होत्या, तीच.

"काल किल्ली तुमच्याकडे होती," संचालक म्हणाले.

"होती. पण मी ती परत खिळ्याला अडकवली."

"खिळ्याला? म्हणजे कोणीही उचलून न्यावी?"

"कोणीही नेतंच सर. तुम्हीसुद्धा."

हे खरं होतं, पण खरं बोलायला याहून वाईट वेळ तिला शोधून सापडली नसती. दुपारच्या बैठकीत तिचा निकाल लागणार हे तिथल्या तिथे ठरलं. आकडे बनावट, म्हणूनच पेटीतल्या विषाणूच्या नळ्या गायब. तिला काढायचं आणि का काढलं ते सगळीकडे कळवायचं. या धंद्यात एकदा असं कळवलं गेलं की संपलं. पुन्हा कोणी दारात उभं करत नाही.

मुलीने कोपऱ्यात जाऊन एकच फोन केला. "मावशी, येतेस का?"

मावशी म्हणजे बाई. संस्थेत सगळे त्यांना बाईच म्हणायचे. आकड्यांचा विभाग त्यांनीच उभा केला होता, आणि गेल्या वर्षी निवृत्त झाल्या तेव्हा अर्ध्या लोकांना हायसं वाटलं होतं. चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली, पायात घरातल्याच चपला, अशा त्या आल्या आणि सरळ संचालकांच्या खोलीत शिरल्या.

"बाई, तुम्ही तिच्या सख्ख्या मावशी," संचालक चाचरत म्हणाले. "तुम्हीच चौकशी करायची म्हणजे..."

"म्हणजे काय? नात्यातल्या माणसासाठी दोन अधिक दोन पाच होतात का? बैठकीपर्यंतचा वेळ द्या मला. पोरगी खोटी निघाली तर मीच तिला हाताला धरून दारापर्यंत सोडून येते."

संचालकांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण बाई तोवर बाहेर पडल्या होत्या.

२

"रडून झालं असेल तर तक्ता दाखव," बाई भाचीला म्हणाल्या.

"मी रडत नाहीये."

"मग नाक पूस आणि तक्ता दाखव."

या संस्थेत ज्या विषाणूवर काम चालायचं तो महाबिलंदर होता. एकदा अंगात शिरला की जायचं नाव नाही, आणि एका रूपात राहायचं तर मुळीच नाव नाही. शरीर त्याचा चेहरा ओळखून अँटीबॉडी तयार करतं, तोवर हा पठ्ठ्या मिशी उतरवून, टोपी घालून मोकळा. त्यामुळे आजचं रक्त कालच्या विषाणूला पकडतं. आजच्याला सोडून देतं, आणि उद्याच्याची तर त्याला ओळखच नसते. भाचीचं गणित याच पाठलागाचं होतं. विषाणू किती वेगाने वेष बदलतो आणि रक्त किती मागे राहतं, हे ती समीकरणांत बांधायची.

आजारी माणसं वर्षानुवर्षं ठरावीक काळाने येऊन रक्त देत. त्यांची खरी नावं प्रयोगशाळेत आणायची नाहीत असा नियम, म्हणून डॉक्टरांनी त्यांना धंद्यावरून नावं दिलेली. शिंपी, सुतार, पोस्टमन. प्रत्येक खेपेच्या रक्तातून विषाणू वेगळा काढून एका पेटीत ठेवायचा आणि रक्ताचा निवळ भाग दुसऱ्या कपाटात. मग प्रत्येक खेपेचं रक्त प्रत्येक खेपेच्या विषाणूशी भिडवून बघायचं. त्याचा हा तक्ता.

"सुताराचं बघ," भाची म्हणाली. "रक्त नेहमी एक पाऊल मागे. पोस्टमनचंही तसंच. पण शिंप्याचं? पहिल्या खेपेचं रक्त कोणालाच पकडत नाही. दुसऱ्या खेपेपासूनचं मात्र सगळ्यांना पकडतं. पुढे वर्षांनी येणाऱ्या विषाणूंनासुद्धा! त्याच्या रक्ताला उद्याचं कळत होतं, मावशी. तसली अँटीबॉडी हाती लागली तर लस झालीच म्हणून समज."

"आणि तुझं गणित काय म्हणालं?"

भाचीने मान खाली घातली. "अशक्य म्हणालं."

"मग तू काय केलंस?"

"गणितच बदललं. शिंप्यासाठी एक जास्तीचं पद घातलं."

बाईंनी कपाळाला हात लावला. त्या तक्त्यावर बोट फिरवत गेल्या. दुसऱ्या खेपेच्या रक्तासमोर पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा विषाणू, आणि सगळीकडे जवळजवळ सारखाच आकडा. ना कमी ना जास्त. सहाव्या विषाणूच्या घरावर मात्र करडी रेघ मारलेली होती.

"हे काय?"

"ती नळी बिघडली असणार. फक्त सातव्या आणि आठव्या खेपेचं रक्त तिला पकडतं. म्हणजे अगदी साध्या माणसासारखं. बाकीच्यांशी जुळेना, म्हणून बाजूला ठेवली."

"एक सांग," बाई म्हणाल्या. "चमत्कार रक्ताचा. मग चोराने रक्त सोडून विषाणू का नेला? रक्ताचं कपाट तर जसंच्या तसं आहे."

हे भाचीच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आणि तपासनीस आज काय करणार होते?"

"विषाणूंची जनुकं पुन्हा वाचणार होते. आपल्याकडे ती नळ्या नव्या असतानाच वाचून ठेवली होती. माझ्या येण्याच्या कितीतरी आधी. तेव्हापासून परत कोणी वाचली नाहीत."

"का वाचेल? एकदा वाचलेलं कोण वाचतं," बाई पुटपुटल्या आणि उठल्या.

३

विषाणूच्या खोलीबाहेर काचेशी ताई उभी होती. थाळ्यांत रक्त आणि विषाणू भिडवायचं काम तिचं, आणि तिच्याइतका स्थिर हात संस्थेत दुसऱ्या कोणाचा नव्हता.

"मी थाळ्या लावते, मशीन वाचतं, आकडे सरळ पोरीच्या संगणकात जातात," ताई तावातावाने म्हणाली. "ती खोटं करणारी नाही बाई. मी लेखी देते."

"लेखी नको. शिंप्याची सहावी नळी आठवते?"

"न आठवून काय! फिरून आलेली नळी ती. बाहेरच्या प्रयोगशाळेला नमुना म्हणून पाठवली होती, तर कागद अपुरे म्हणून सुक्या बर्फासकट परत आली. ती गेली तेव्हाही आणि आली तेव्हाही माझा हात प्लास्टरमध्ये होता. तुम्ही नाही का प्लास्टरवर समीकरण लिहिलंत? सगळ्यांनी फुलं काढली, आणि तुम्ही समीकरण!"

"चांगलं होतं ते समीकरण. नळी परत आली तेव्हा प्लास्टर होतं हे नक्की?"

"अहो, मीच डाव्या हाताने उतरवून घेतली. प्लास्टरवर मोजे चढेनात, म्हणून आत पाऊल टाकायची बंदी होती मला. डॉक्टर होते म्हणून निभावलं. पेशींना खाऊपिऊ घालणं, इन्क्युबेटर पुसणं, सगळं त्यांनी बिनबोभाट केलं. देवमाणूस आहे हो."

इतक्यात फ्रीजरवाले काका आले. त्यांच्या ताब्यात सगळे फ्रीजर, आणि सकाळपासून ते असे फिरत होते की जणू घरातलंच कोणी हरवलंय.

"काका, पेटी गेली. म्हणजे शिंप्याचा विषाणू पार संपला का?"

"संपला कसा? थोरली आहे ना!" काका म्हणाले. "पहिल्या खेपेची नळी आपण बाकीच्यांत ठेवतच नाही. ती थोरली. सगळ्यांच्या थोरल्या पलीकडच्या खोलीतल्या फ्रीजरमध्ये. एखाद्या दिवशी इकडे काही झालंच, तर घरातली एक तरी वाचावी म्हणून."

"त्या थोरलीपासून नवा विषाणू वाढवता येतो?"

"मला नाही येत. मी फक्त गारठवतो," काका म्हणाले. "ज्याला येतं त्याला येतं. संचालकसाहेबांना विचारू नका, ते पिपेट उलटी धरतात."

"जाऊन बघून या. शिंप्याची थोरली जागेवर आहे का."

काका गेले. बाई काचेला टेकून उभ्या राहिल्या. ताईने काहीतरी विचारलं, ते त्यांना ऐकूच गेलं नाही. थोड्या वेळाने काका धापा टाकत परत आले.

"थोरली आहे," ते म्हणाले. "पण बाई, शिंप्याच्या खणात दोन नळ्या आहेत. दुसरी तिथे असायचं काही कारणच नाही. परवा मी तो खण पुसला तेव्हा ती नव्हती."

"दुसरी कुठली?"

"सहावी."

४

बाई भाचीकडे परत गेल्या नाहीत. आधी जिन्यात उभ्या राहून त्यांनी चष्मा पुसला, मग परत पुसला. चोराने सगळी पेटी लंपास केली, आणि एक नळी मात्र जपून आणून ठेवली. जी एकच नळी तक्त्यात साध्या माणसासारखी वागत होती, नेमकी तीच. म्हणजे ती खरी आहे हे चोराला माहीत होतं. आणि हे कोणाला माहीत असणार? बाकीच्या खोट्या आहेत हे ज्याला माहीत, त्यालाच.

त्यांना आता फक्त एक गोष्ट हवी होती, आणि ती काय आहे याचा अंदाज त्यांना नकोसा झाला होता. डॉक्टर त्यांचे वीस-पंचवीस वर्षांचे सहकारी. बाईंचा नवरा दवाखान्यात होता तेव्हा याच माणसाने रात्री जागवल्या होत्या. एक क्षण वाटलं, परत घरी जावं. पण मग भाचीचं ते लाल नाक डोळ्यांसमोर आलं, आणि बाई इरेला पेटल्या.

डॉक्टरांच्या खोलीत एक म्हातारी बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, आणि तिच्या शिवणीकडे बघूनच कळत होतं की ती कोणा चांगल्या शिंप्याने शिवलीय.

"या शिंप्याच्या घरून," डॉक्टर म्हणाले. त्यांचा चेहरा रात्रभर झोप नसल्यासारखा होता. "आजच्या तपासणीच्या बैठकीला वहिनींना आधीपासूनच बोलावलंय."

"यजमान जाऊन किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"दोन वर्षं होतील आता," वहिनी म्हणाल्या. "ताईसुद्धा आली होती बघा घरी, बिचारी गळ्यात हात अडकवून. प्लास्टरवर काय काय लिहिलेलं! आमच्या नातवाने तर सगळं मोठ्याने वाचून काढलं. आणि हे डॉक्टर, यांचं तर काय सांगू. मी फोन केला तसे हातातलं काम टाकून आले. पांढरा कोट अंगात तसाच, एका हातात रबरी मोजा तसाच. आमचे ते जाईपर्यंत यांनी त्यांचा हात सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सगळं उरकूनच परत गेले."

डॉक्टर खिडकीबाहेर बघत होते.

"काय बोलले हो शेवटी?" बाईंनी हळूच विचारलं.

"यांनाच म्हणाले, माझं रक्त वाया घालवू नका. आणि हे म्हणाले, नाही घालवणार."

बाई उठल्या. "डॉक्टर, जरा बाहेर या."

बोळात दोघं समोरासमोर उभी राहिली.

"बैठकीत मी बोलणार आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याआधी तुम्ही बोललात तर बरं."

तेवढ्यात संचालकांनी सगळ्यांना आत बोलावलं, आणि डॉक्टर पुढे निघून गेले.

५

लांब टेबलाच्या एका टोकाला तपासनीस, दुसऱ्या टोकाला भाची. वहिनींना मानाने मधली खुर्ची दिलेली. संचालकांनी घसा खाकरला आणि "अत्यंत खेदाने" असं सुरू केलं.

"खेद नंतर करा," बाई म्हणाल्या. "आधी तक्ता बघा."

त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत होते. मग बाईंनी सुरुवात केली.

"आपण सगळे म्हणालो, शिंप्याचं रक्त शहाणं. त्याला पुढे येणारे चेहरे आधीच ठाऊक. ठीक आहे. पण चोर जर वेगवेगळे असतील, तर शिपाई कितीही हुशार असो, एखादा सहज सापडेल, एखादा नाकीनऊ आणेल. इथे सगळे सारख्याच सहजतेने सापडलेत. म्हणजे हे वेगवेगळे चोर नाहीतच. एकाच चोराला निरनिराळे सदरे घालून उभं केलंय. आणि तो चोर कोण? ज्याला पहिल्या खेपेचं रक्त पकडू शकत नाही आणि दुसऱ्या खेपेचं लगेच पकडतं, तो. पहिल्याच खेपेचा विषाणू. थोरली. रक्त पुढे गेलेलं नाही हो, विषाणू जागच्या जागी थांबलाय."

"विषाणू थांबत नाही," एक तपासनीस म्हणाला.

"जिवंत माणसाच्या अंगात थांबत नाही. म्हणजे या नळ्यांतला विषाणू शिंप्याच्या अंगातून आलेलाच नाही. मूळच्या नळ्या कधीतरी फ्रीजरबाहेर राहून मेल्या, आणि कोणीतरी थोरलीपासून नवा विषाणू वाढवून त्या भरून ठेवल्या. सहावी सोडून. कारण ती तेव्हा पेटीत नव्हतीच, सुक्या बर्फात प्रवास करत होती. ती गेली तेव्हापासून परत येईपर्यंत ताईच्या हाताला प्लास्टर होतं. म्हणजे ताई नव्हे, तिला आत यायला बंदी होती. काकांना विषाणू वाढवता येत नाही. संचालकसाहेबांबद्दल मी बोलत नाही, ते स्वतःच सांगतील."

संचालक लाल झाले, पण त्यांनी मान हलवून मान्य केलं.

"आणि माझी भाची तर तेव्हा या संस्थेत लागलेलीसुद्धा नव्हती. तिचा दोष वेगळा आहे." बाई तिच्याकडे वळल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला. "एकच नळी खरं बोलत होती, तिलाच तू वेड्यात काढलंस! तुझं गणित घसा फोडून अशक्य, अशक्य म्हणत होतं, आणि तू त्याच्या तोंडात बोळा कोंबलास! टाळ्या ऐकू आल्या की गणित ऐकू येत नाही, हे मी शिकवलं नव्हतं का तुला?"

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने मान वर ठेवली. "शिकवलं होतंस," ती म्हणाली. "चुकलं माझं."

"मग उरलं कोण?" तपासनीसाने विचारलं.

बाईंनी चष्मा काढला. खुर्ची सरकली.

"मी," डॉक्टर म्हणाले. ते उभे राहिले होते आणि त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. "पेटी बाहेर काढून काम करत होतो. वहिनींचा फोन आला. तसाच पळालो. परत आलो तेव्हा पेटी टेबलावर होती, आणि सगळ्याचं पाणी झालेलं. त्याचं रक्त वाया घालवणार नाही असं मी त्याला नुकतंच सांगितलं होतं, आणि तो गेला होता. पुन्हा रक्त घ्यायला तो नव्हताच. थोरलीपासून वाढवून नळ्या भरल्या. म्हटलं, इतक्या माणसांत एकाने काय बिघडतं. पुढे ही मुलगी आली आणि तिने नेमका शिंपीच उचलला. सगळीकडे त्याचं नाव झालं. वहिनींना बोलावून फुलं दिली. मग कोणत्या तोंडाने सांगणार होतो? आज जनुकं वाचली की सगळं उघडं पडणार, म्हणून काल रात्री पेटी नेली, नळ्या तापवून टाकल्या. सहावी नाही टाकवली. ती त्याची होती."

"आणि ही मुलगी?" बाईंनी विचारलं. आवाजात राग होता आणि त्यांनी तो लपवला नाही. "तिचं जन्माचं नाव जात होतं, डॉक्टर. तुम्ही ग्लासाकडे बघत बसला होतात."

"हो," डॉक्टर म्हणाले. "बसलो होतो." ते भाचीकडे वळले, पण तिच्या डोळ्याला डोळा देणं काही त्यांना जमलं नाही. "माफ कर म्हणायचीही माझी लायकी नाही."

मग ते वहिनींसमोर गेले. हात जोडले. "वहिनी, त्यांच्या रक्तात चमत्कार वगैरे काही नव्हता. ते खोटं होतं. उद्याचं त्यांना काही कळत नव्हतं."

याच एका गोष्टीच्या भीतीने हा माणूस इथवर आला होता. वहिनींनी मांडीवरची पिशवी बाजूला ठेवली.

"अहो डॉक्टर," त्या म्हणाल्या, "ते मला काय सांगता? उभ्या जन्मात त्या माणसाला घराबाहेर पडताना छत्री घ्यायची आठवण झाली नाही. त्याला उद्याचं कळतं म्हणून तुम्ही सगळ्यांनी मला फुलं दिलीत, तेव्हाच मी सुनेला म्हटलं होतं, या शिकलेल्या लोकांची काहीतरी गफलत झालीय."

कोणाला हसावं की नाही कळेना. आधी काका हसले, मग ताई, आणि ताई हसता हसता रडायला लागली. डॉक्टर खुर्चीत कोसळल्यासारखे बसले.

"मला एवढंच विचारायचं होतं," वहिनी म्हणाल्या. "साध्या माणसाचं साधं रक्त तुमच्या कामाला येतं की नाही?"

बाईंनी भाचीकडे पाहिलं. ते तिचं काम होतं.

भाचीने तक्ता पुढे ओढला. "येतं, आजी," ती म्हणाली. "रक्त सगळं शाबूत आहे. थोरली आहे, सहावी आहे. त्यांचं रक्त कसं कसं मागे राहिलं आणि तरी कसं धावत राहिलं, ते मला यातून काढता येईल. थोडं कमी कळेल, पण जे कळेल ते खरं असेल."

"मग लाग की कामाला," वहिनी म्हणाल्या.

भाचीने सहाव्या नळीच्या घरावरची करडी रेघ खोडली.